उताराची शेती आणि मातीचे भांडवल

बँकेच्या दप्तरी शेतजमीन क्षेत्रफळात मोजली जाते. तिचे खरे मोल मात्र वरच्या वीतभर मातीत असते. सुपीक मातीचा 1 सेंटीमीटर थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. उतारावरून हा थर वाहून गेला, तर पीक कर्जातून घेतलेले खतही त्याच्याबरोबर ओढ्याला मिळते. सातबाऱ्यावरील क्षेत्र कायम राहते. उत्पन्न मात्र घटत जाते.

धूप कशी होते?

पावसाचे थेंब उघड्या जमिनीवर आदळून मातीचे कण सुटे करतात आणि उतारावरून धावणारे पाणी ते वाहून नेते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणूनच पाण्याला वेग येण्यापूर्वी ठिकठिकाणी थोपविणे, हे मृदसंधारणाचे मूळ सूत्र होय.

उतार व पाऊस पाहून उपाय

सौम्य उतारावर नांगरणी व पेरणी उताराला आडवी करावी. प्रत्येक सरी लहानसा बांधच ठरते. ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यांमध्ये मटकी, कुळीथ अशा पसरणाऱ्या पिकांचे पट्टे घेतल्यास जमीन झाकलेली राहते. समपातळीवर लावलेल्या वाळ्याची खोल मुळे माती धरून ठेवतात.

दख्खनच्या कमी पावसाच्या भागात समपातळी बांध पाणी शेतातच मुरवितात. कोकणातील मुसळधार पावसात मात्र पाण्याला वाट न ठेवलेला बांध फुटतो. तेथे भातासाठी पायऱ्यांप्रमाणे मजग्या काढतात व जादा पाण्यासाठी दगडी सांडवा ठेवतात. तीव्र उतारावर हंगामी पिकांऐवजी आंबा, काजू लावून प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगास अर्धचंद्राकृती बांध घालणे श्रेयस्कर.

समपातळी कशी आखावी?

समान लांबीच्या दोन काठ्यांची टोके वर एकत्र बांधून पाय फाकवावेत, मध्ये आडवी काठी बांधावी आणि शेंड्यापासून दोरीला दगडाचा ओळंबा सोडावा. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर स्थिरावली, की दोन्ही पाय समपातळीत आहेत असे समजावे. अशा रीतीने एकेक पाय पुढे टाकीत खुंट्या ठोकाव्यात.

कामाचा क्रम माथ्याकडून पायथ्याकडे असावा. आधी खालचा बांध घातल्यास वरून येणारा लोंढा तो फोडतो.

जमीन विकासासाठी बँका मुदत कर्ज देतात. त्याचे हप्ते अनेक वर्षांच्या पिकांतून फेडावयाचे असतात. तोवर माती शेतातच टिकणे, हे कर्जदार व बँक या दोहोंच्या हिताचे आहे.