स्पॅनिश शब्दकोश आणि मधला इंग्रजी दुभाषा

१९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका क्युबन मुलाला बेशुद्ध अवस्थेत हॉस्पिटलात आणलं. घरच्यांनी 'इन्तोक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांना म्हणायचं होतं, खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी तो इंग्रजी 'इन्टॉक्सिकेटेड' समजून अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो लक्षात येईपर्यंत उशीर झाला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. घरच्यांचाही अंदाज चुकलाच होता, पण डॉक्टरांना भलत्या वाटेला नेलं ते या शब्दाने.

गंमत म्हणजे या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द आहे: विषबाधा झालेला.

आपण इथे स्पॅनिश शिकतो ते बहुधा स्पॅनिश-इंग्रजी कोश घेऊन. म्हणजे दोन भाषांच्या मध्ये इंग्रजी दुभाषा बसतो, आणि तो काही गोष्टी गाळतो. 'एस्किना' आणि 'रिंकोन' दोन्हींपुढे 'कॉर्नर' दिसेल. पण एस्किना म्हणजे रस्त्याचा नाका आणि रिंकोन म्हणजे खोलीतला कोपरा. 'पेस' आणि 'पेस्कादो' दोन्ही 'फिश', पण पहिला पाण्यात पोहणारा मासा आणि दुसरी बाजारातली मासळी.

सर्वात जास्त घोळ 'गुस्तार' या क्रियापदाचा. कोशात 'टू लाइक' वाचून विद्यार्थी 'मी' हा कर्ता धरून वाक्य करतो आणि फसतो. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे मला कॉफी आवडते, आणि 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांमागे जातं, अगदी आपल्यासारखंच!

कोशात शब्द सापडणं हीसुद्धा एक कला आहे. क्रियापद मूळ रूपात शोधावं लागतं: 'किएरो' हवा असेल तर 'केरेर' पाहा. 'फुई' तर 'इर' (जाणे) आणि 'सेर' (असणे) या दोन्हींचं भूतकाळी रूप आहे, संदर्भानेच ठरवायचं. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला कोश असेल तर आणखी एक भानगड: १९९४पर्यंत 'च' हे स्वतंत्र अक्षर धरत, त्यामुळे 'चिको' हा शब्द 'कुआत्रो'च्याही नंतर येतो. मी तो अर्धा तास शोधला होता.

नामापुढचं लिंग मात्र कधीच सोडू नका. शेवटी 'ओ' असूनही 'मानो' (हात) स्त्रीलिंगी आणि 'आ' असूनही 'प्रोब्लेमा' पुल्लिंगी. लिंगासकट शब्द पाठ करायची सवय आपल्याला मराठीमुळे आहेच, शिवाय इथे नपुंसकलिंगी नामं नाहीत.

थोडं वाचता येऊ लागलं की स्पॅनिश-स्पॅनिश कोशाकडे वळा. माद्रिदच्या रॉयल स्पॅनिश अकादमीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यांचा पहिला कोश १७२६ ते १७३९ या काळात सहा खंडांत निघाला. त्यात शब्द कोणत्या देशात कसा चालतो याच्या खुणा असतात, त्या जरूर पाहा. स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी सहज वापरतात ते 'कोखेर' मेक्सिको-अर्जेंटिनात अश्लील आहे. मेक्सिकन शेजाऱ्यासमोर बोलण्याआधी हे कळलेलं बरं.

माझ्या वहीत 'दोलेर'पुढे 'टू हर्ट' होतं. ते खोडून आता लिहिलंय: मे दुएले ला काबेसा, माझं डोकं दुखतंय.