वायुरूप प्रदूषके : शहर आणि शिवार

‘प्रदूषण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धूर येतो. परंतु धुरासोबत बाहेर पडणारे बहुतेक वायू अदृश्य असतात. त्यामुळे ‘जेथे धूर नाही, तेथील हवा शुद्ध’ असा समज रूढ झाला आहे. गोंदिया जिल्ह्याच्या आधारे हा समज तपासणे, हा प्रस्तुत उपघटकाचा हेतू आहे.

१. प्राथमिक प्रदूषके
उगमस्थानातून थेट हवेत मिसळणाऱ्या प्रदूषकांना ‘प्राथमिक’ म्हणतात. तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जळताना त्यातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड तयार होतो. तर उच्च तापमानास हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. ही दुसरी क्रिया गोंदिया शहरातील वाहनांच्या इंजिनांतही घडते. ग्रामीण भागही याला अपवाद नाही. चुलीतील लाकूड अर्धवट जळल्यास कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. पाणी साचलेल्या धानाच्या बांध्यांत सूक्ष्मजीव मिथेन निर्माण करतात.

२. दुय्यम प्रदूषके
ओझोन कोणत्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही. तो हवेतच घडतो. सूर्यप्रकाशात नायट्रोजन डायऑक्साइडचे विघटन होऊन ऑक्सिजनचा अणू सुटतो आणि तो ऑक्सिजनच्या रेणूशी जोडला जातो. शहरात वाहनांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन नष्ट करतो. वारा हीच हवा शहराबाहेर नेतो, तेव्हा चित्र पालटते. इंधनातून तसेच नवेगाव-नागझिऱ्यासारख्या वनांतील वृक्षांपासून निघणारी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे हवेत असतात. त्यांच्या विघटनातून निर्माण होणारे घटक नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. यात ओझोन खर्च होत नाही, म्हणून तो साठत जातो. परिणामी, कडक उन्हात शहरातील चौकापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या गावात ओझोन अधिक असू शकतो.

३. परिणाम व मानके
ओझोन श्वसनमार्गाचा दाह करतो. पर्णरंध्रांतून पानांत शिरून प्रकाशसंश्लेषण मंदावतो आणि धानाचे उत्पादन घटवतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार ओझोनची ८ तासांची मर्यादा प्रतिघनमीटर १०० मायक्रोग्रॅम आहे. ती ग्रामीण भागासही लागू आहे; मापन केंद्रे मात्र प्रामुख्याने शहरांत आहेत. ज्या शिवारात मोजमापच होत नाही, तेथील हवेला ‘शुद्ध’ हे विशेषण लावणे म्हणजे निष्कर्ष नव्हे, केवळ गृहीतक होय.

स्वयंअध्ययन प्रश्न
१. प्राथमिक व दुय्यम प्रदूषकांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. शहरापेक्षा गावात ओझोन अधिक का असू शकतो?