क्लिकरच्या आधी सुटलेला बाण

तिरंदाजीच्या निवड चाचणीतला माझा तो बाण बट्रेसपर्यंत, म्हणजे लक्ष्याचा कागद लावतात त्या गादीपर्यंत, पोचलाच नाही. सत्तर मीटरच्या मैदानात वाटेतच गवतात घुसला. मी तो सोडला नव्हता, बोटांतून निसटला होता. दोरी हनुवटीला नीट टेकायची होती, पूर्ण ओढ झाल्याची खूण देणारा क्लिकर वाजायचा होता, पण साइटची, म्हणजे नेमयंत्राची, टिकली मधल्या पिवळ्याजवळ आली आणि बोटं उघडलीच. गुणपत्रकावर ‘एम’, म्हणजे ‘मिस’, लिहिला गेला आणि मला रडू आवरेना.

त्याआधीचे पाच-सहा महिने टिकली पिवळ्यात शिरतच नव्हती. लाल पट्ट्याच्या खालच्या कडेला, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, अडून बसायची. दंडात ताकद होती, नजर चांगली होती, तरी हात वर जाईना. मग झटका देऊन वर न्यायचा आणि त्या झटक्यातच बाण सुटायचा. या दुखण्याला टार्गेट पॅनिक म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हाचे आमचे प्रशिक्षक म्हणायचे, “मन घट्ट कर, बाण वाढव.” मी वाढवले. रोजचे दोनशेचे तीनशे केले, धनुष्यही ३४ पाउंडांवरून ३८ वर नेलं. चुकीची सवय रोज शंभर वेळा जास्त गिरवली गेली, एवढंच झालं.

सत्तर मीटरवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचं असतं. पूर्ण ओढ घेतल्यावर टिकली त्यात खिळून राहत नाही, कसलेल्या धनुर्धराचीही नाही. ती हळूहळू फिरतच असते आणि तशी फिरू द्यायची असते. मला मात्र ती थांबायलाच हवी होती. थांबत नाही म्हटल्यावर, ती मधोमध येईल तो क्षण मी पकडायला लागले. डोळा म्हणायचा ‘आत्ता’ आणि बोटं ऐकायची. हजारो बाणांनंतर बोटं डोळ्याच्या हुकमासाठीही थांबेनाशी झाली.

रिलीज बोटांनी करायचा नसतो. दोरी हनुवटीखाली टेकली, नाकाच्या शेंड्याला लागली, की काम पाठीचं. खांद्याची फळी मणक्याकडे सरकत राहते, बाणाचं टोक शेवटचे दोन-तीन मिलिमीटर मागे येतं, क्लिकरची पट्टी ‘टक्’ करून सुटते. त्या आवाजाला बोटं फक्त सैल होतात. दोरी स्वतःच निघून जाते आणि हात मानेला घासत कानामागे जातो. बोटं मुद्दाम उघडली तर दोरी आडवी हलते आणि बाण भरकटतो. हात पुढे गेला किंवा चेहऱ्यापासून लांब उडाला, तर नेम कितीही नेटका असो, तो बाण बिघडलेलाच समजा.

मला सावरलं ते कोऱ्या बट्रेसने. कागद काढून टाकला, साइट काढून ठेवली आणि पाच मीटरवर उभी राहिले. आधी बट्रेस समोर आहे, मागे-बाजूला कोणी नाही, हे बघायचं. मग ओढ, हनुवटीचा स्पर्श, डोळे मिटायचे आणि पाठ ओढत राहायची. पहिल्या आठवड्यात मिटल्या डोळ्यांनीही बोटं क्लिकरच्या आधी सुटत होती, इतकी सवय मुरली होती. धनुष्य खाली ३२ पाउंडांवर आणलं. याची लाज वाटली, पण ते केलं नसतं तर पाठीला काम करायला वावच मिळाला नसता.

दीड महिन्याने साइट परत लावली, ती बाण सोडण्यासाठी नव्हे. ओढायचं, टिकली पिवळ्यात न्यायची, तिथे फिरू द्यायची आणि बाण न सोडता धनुष्य सावकाश उतरवायचं. रोज तीस वेळा. पिवळ्यावर आलं म्हणजे सोडायलाच हवं असं नाही, हे शरीराला पटवायला दुसरा उपाय मला सापडला नाही. उतरवताना दोरी हातून सुटू देऊ नका, बाण न लावता तर दोरी कधीच सोडू नका, धनुष्याची लिम्ब, म्हणजे पातं, तडकू शकते. मग १८ मीटरवर मोठा कागद, मग तीस, मग पन्नास. सत्तरवर यायला सात महिने लागले. मध्ये दोनदा दुखणं उलटलं, दोन्ही वेळा मी पाच मीटरवर परत गेले.

२०२३ साली बर्लिनमध्ये अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले आणि मैदानांवर मुलांची गर्दी वाढली. याचा मला मनापासून आनंद आहे. पण आता मी शिकवते तिथे तिसऱ्या महिन्यातच लांबचं अंतर आणि जड धनुष्य मागणारे पालक भेटतात, तेव्हा पोटात गोळा येतो. तुमचं मूल क्लिकर वाजण्याआधी बाण सोडत असेल, किंवा टिकली पिवळ्याखाली अडकते असं सांगत असेल, तर त्याला भित्रं म्हणू नका. त्याच दिवशी कागद काढा.

परवा एका मुलीचे वडील कुंपणापाशी उभे होते. मुलगी पाच मीटरवर, डोळे मिटून. “मॅडम, आज स्कोअर किती झाला?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “दादा, इकडे या, नुसता आवाज ऐका.” ते आत आले. टक्, आणि मग दोरी. पुन्हा टक्, आणि मग दोरी. तिसऱ्या वेळी आधी दोरी वाजली, आणि त्यांनी चटकन माझ्याकडे पाहिलं.