परवलीचा शब्द बरोबर, तरी दार बंद!

शाळेच्या संगणक कक्षात तुम्ही लिनक्सच्या यंत्रापुढे बसला आहात. नाव लिहिले, परवलीचा शब्द लिहिला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा नाव विचारणारा तोच पडदा हजर! शब्द चुकला असता तर यंत्राने तसे सांगितले असते. मग घोटाळा कोठे? उद्याच्या विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प तर आतच अडकला आहे.

घाबरू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबा. नुसत्या अक्षरांचा पडदा येईल. तेथे तेच नाव व तोच शब्द चालला, तर तुमचे खाते शाबूत आहे. बिघाड चित्रमय पडद्याच्या तयारीत आहे. (डिस्कवरील जागा संपली तरी हेच लक्षण दिसते. तेव्हा 'डीएफ' हा हुकूम देऊन तेही पाहून घ्या.)

आता 'एलएस -एलए' हा हुकूम द्या. फायलींची यादी येईल. तीत 'डॉट एक्सऑथॉरिटी' नावाची फाईल शोधा. तिच्या ओळीच्या आरंभी आर, डब्ल्यू ही अक्षरे व रेघा दिसतील. आर म्हणजे वाचणे, त्याचे मोल 4. डब्ल्यू म्हणजे लिहिणे, 2. एक्स म्हणजे चालवणे, 1. मालक, गट व इतर अशा तिघांसाठी तीन अंक होतात. येथे 600 हवे: मालकाला 4 + 2, बाकीच्यांना शून्य. ते बरोबर आहे. पण मालक कोण? तुमच्या नावाऐवजी तेथे 'रूट', म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी! कोणीतरी तुमच्या खात्यातून 'सुडो' लावून चित्रमय प्रोग्रॅम चालवला असावा. त्याने रूटच्या अधिकाराने तुमच्याच घरात ही फाईल लिहिली. आता ती तुम्हालाच वाचता येत नाही.

"सगळ्यांना 777 देऊन टाका" असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. या फाईलमध्ये तुमच्या पडद्याची गुप्त किल्ली असते. ती इतरांनी वाचली, तर त्यांचे प्रोग्रॅम तुमच्या पडद्याशी जोडले जाऊन तुम्ही दाबलेल्या कळाही टिपू शकतील.

सर्वाधिकार असलेल्या शिक्षकांनी 'सीएचओन' या हुकुमाने मालकी परत द्यावी, हा सरळ मार्ग. पण शिक्षक घरी गेले असतील तर? येथे एक गंमत आहे. फाईलचे नाव बदलायला फाईलवर नव्हे, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लिहिण्याचा अधिकार लागतो. घराचा फोल्डर तर तुमचाच! म्हणून जी फाईल तुम्हाला वाचता येत नाही, तिचे नाव मात्र 'एमव्ही' हुकुमाने खुशाल बदलता येते. यंत्राला जुनी फाईल सापडली नाही, की पुढच्या प्रवेशाला ते नवी बनवते, आणि तिचे मालक तुम्ही असता. 'डॉट आयसीईऑथॉरिटी' ही फाईलही रूटच्या नावावर गेली असेल, तर तिलाही हाच उपाय करा.

मग 'एक्झिट' लिहा. कंट्रोल व ऑल्टबरोबर एफ-१ दाबा (काही यंत्रांत एफ-२ किंवा एफ-७) आणि पुन्हा नाव लिहा.