परसातील कुंडी आणि पिंपळाचे रोप

औषधी वनस्पती, कंदमुळे व फळझाडे जेथे नव्हती तेथे ती आणवून लावल्याची नोंद सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात आहे; सातव्या स्तंभलेखात रस्त्यांलगत लावलेल्या वडांचा व आमरायांचा उल्लेख येतो. ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही, त्यांनीही हा वारसा परसातील कुंडीत जपावा, असे आम्हांस वाटते.

भिवापूरचा उन्हाळा सोसणारी गोडनिंब, कागदी लिंबू व डाळिंब ही झाडे त्यासाठी योग्य होत. कुंडी किमान दीड फूट रुंद व तितकीच खोल असावी. तळाशी छिद्रे हवीत. आपली काळी माती ओली असता चिकटते, वाळली की भेगाळते; म्हणून तीत रेती व कुजलेले शेणखत मिसळावे. वैशाखात पाणी सकाळीच द्यावे.

पिंपळ मात्र श्रद्धेपोटीही कुंडीत कोंडू नये. कुंडीत तो खुरटतो आणि घरालगत लावल्यास त्याची मुळे भिंत फोडतात. ते रोप विहाराच्या वा शाळेच्या मोकळ्या आवारात लावावे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जागा नाकारली गेली, त्यांनी बोधिवृक्षाला त्याची जागा द्यावी.