गार लागणे म्हणजे काय?

पौष महिन्यात निफाड तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत सकाळी जाण्याचा योग आला. मुले शहाबादी फरशी टाळून तरटाच्या पट्टीवर दाटीवाटीने बसली होती. लोखंडी खुर्चीला तर कोणी हात लावण्यास राजी नव्हते. कारण विचारता, “फरशी जास्त थंड आहे,” असे उत्तर मिळाले. प्रस्तुत लेखकानेही तेच उत्तर दिले असते. परंतु ते बरोबर नाही. रात्रभर बंद राहिलेल्या वर्गात फरशी, खुर्ची, तरट आणि लाकडी टेबल यांना तापमापक लावला, तर आकडे जवळजवळ सारखेच येतात.

याचे कारण असे की, आपल्या त्वचेला वस्तूचे तापमान थेट कळत नाही. कळते ते त्वचेचे स्वतःचे थंड होणे. त्वचेचे तापमान साधारणतः ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते. लोखंडाला स्पर्श होताच तेथील उष्णता झपाट्याने धातूत पसरते व त्वचा लगेच निवते. लाकडापेक्षा लोखंडातून उष्णता काही शेपट अधिक सुलभतेने वाहते, दगडातून सुमारे दहापट. स्थिर हवा तर लाकडाहूनही मंद वाहक आहे. घोंगडीच्या लोकरीत अडकलेली हीच हवा अंगातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही. घोंगडीला स्वतःची अशी ऊब नसते.

हे पटवून देण्यासाठी शिक्षकांना एक प्रयोग सहज करता येईल. लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट रात्रभर एकाच खोलीत ठेवावेत. सकाळी दोन्हींवर बर्फाचे सारखे खडे ठेवून, कोणता खडा आधी वितळेल, असे मुलांना विचारावे. बहुतेक मुले पोळपाटाचे नाव घेतील, कारण तवा त्यांना थंड लागलेला असतो. प्रत्यक्षात तव्यावरील खडा आधी वितळतो. जो तवा हातातील उष्णता वेगाने नेतो, तोच बर्फाला ती वेगाने देतो. वैशाखातील दुपारी उन्हात तापलेला पत्रा लाकडापेक्षा अधिक चटका देतो, त्याचेही कारण हेच.

वाऱ्याची गोष्ट थोडी निराळी. अंगालगत उबदार हवेचा पातळ थर असतो. वारा तो उडवून लावतो. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावर पाणी गोठण्यास लागणारा वेळ मोजून वाऱ्याचा हा परिणाम आकड्यांत मांडला. त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. कोरडा तापमापक मात्र पंख्याखाली ठेवला तरी उतरत नाही. अंग ओले असेल तर उष्णता आणखी एका वाटेने जाते. त्वचेवरील एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. माठातील पाणी गार होते ते याच न्यायाने.

मोठ्या माणसाच्या बाबतीत हा बहुधा केवळ सुखदुःखाचा प्रश्न असतो. नवजात अर्भकाच्या बाबतीत तसे नाही. त्याचे वजन थोडे आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे. शिवाय जन्मतः ते ओले असते. ते ओलेच राहिले, वाऱ्याच्या झोतात आले किंवा वजनकाट्याच्या उघड्या धातूच्या तबकात ठेवले गेले, तर वर सांगितलेल्या सर्व वाटांनी त्याची उष्णता जाते. शरीराचे तापमान ३६.५ अंशांखाली गेल्यास जागतिक आरोग्य संघटना त्यास अल्पतापमान मानते. म्हणून बाळाला जन्मताच कोरडे पुसणे, तबकावर उबदार कापड अंथरणे, खोलीतील पंखा बंद ठेवणे आणि पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवणे आवश्यक असते. या शेवटच्या मुद्द्यावर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची समजूत घालावी लागते. ते काम ग्रामपंचायतीच्या महिला सदस्या परिचारिकेपेक्षाही चांगले करू शकतील.

कमी वजनाच्या बाळांसाठी कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एदगार रे यांनी १९७८ मध्ये, उबपेट्या अपुऱ्या पडत असताना, बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. आईची त्वचा बाळाइतकीच उबदार असल्याने त्या बाजूने त्याची उष्णता जात नाही, आणि पाठीवर टोपड्यासह एक दुपटे पुरते.