गुळगुळीत फळीला सहा भोकं कशाला?

प्रश्न : बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आहे. सध्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टला आलो आहे. चिरंजीव शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये सर्फबोर्ड बनवतात. फोमची फळी तासली, वर काचकापड आणि रेझिन चढवलं, पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी ती गुळगुळीत झाली. आणि आता तिच्याच शेपटाकडे ड्रिलने सहा भोकं पाडायला निघाले आहेत! म्हणे, फिनचे प्लग बसवायचे. फिन्स सरळ चिकटवून का टाकत नाहीत? शिवाय तीनपैकी दोन फिन्स त्याने मुद्दाम तिरक्या आखल्या आहेत. मी गुण्या लावून दाखवला, तर हसला. देवगडला परतल्यावर मलाही अशी एखादी फळी करून बघावीशी वाटते. थर्मोकोल चालेल का?

उत्तर : ज्याने जन्मभर गच्चीची गळती बंद केली, त्याला बंद केलेलं पुन्हा उघडताना पाहवत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण चिरंजीव बरोबर करताहेत. भोकं का पाडायची, हे फिन कशासाठी असते ते कळल्याशिवाय पटणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

फिन म्हणजे फळीचं सुकाणू, असा बहुतेकांचा समज असतो. सुकाणू फिरवता येतं. फिन जागची हलत नाही. वळण्यासाठी सर्फर स्वतःचं वजन एका कडेवर टाकून फळी कलती करतो. त्या वेळी फळीचं शेपूट आडवं घसरू न देणं, हे फिनचं काम. पुढून मागे जाणाऱ्या पाण्याला ती वाट देते आणि आडव्या पाण्याला अडवते. पूर्वी फळीला फिन नसायचीच. हवाईत लोक एक पाय पाण्यात घासत फळी वळवत. १९३५ मध्ये टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने वाइकिकीला आपल्या फळीखाली एका मोटरबोटीच्या तळाची धातूची पट्टी बसवली आणि घसरण थांबली. पुढची कित्येक वर्षं एका फळीला एकच फिन असे.

मग दोन फिन्सच्या फळ्या आल्या. त्या चपळ होत्या, पण मोठ्या लाटेत शेपूट सुटायचं. सिडनीचा सर्फर सायमन अँडरसन अंगाने थोराड होता आणि त्याला ही फळी मानवत नव्हती. १९८० मध्ये त्याने दोन कडांना दोन आणि मागे मधोमध एक अशा तीन फिन्स लावल्या. १९८१ मध्ये तीच फळी घेऊन त्याने बेल्स बीचची मानाची स्पर्धा जिंकली आणि तीन फिन्सची चाल जगभर रूढ झाली. चिरंजीवांनी आखलेली मांडणी तीच आहे. त्यांच्या फिनच्या बुडाला दोन चपटे दात आहेत, प्रत्येक दाताला एक प्लग, म्हणजे तीन दुणे सहा. भोकांचा हिशोब एवढाच.

चिकटवून का टाकत नाहीत? टाकत होते, आजही काही जण टाकतात. फिन फळीवर उभी करून तिच्या मुळाशी काचकापडाचे थर चढवायचे. दिसायला सुरेख आणि मजबूतही. पण अशी फिन खडकावर आपटली तर एकटी जात नाही, फळीच्या सालीचा लचका तोडून नेते. विमानातून फळी न्यायची तर तीन सुळे बाहेर. आणि लाट लहान असली की वेगळी फिन, मोठी असली की वेगळी, ही हौस करता येत नाही. म्हणून १९९० च्या दशकात काढता-घालता येणाऱ्या फिन्स पसरल्या. प्लगमध्ये फिनचा दात सरकवायचा आणि बाजूचा बिनडोक्याचा छोटा स्क्रू एलन कीने आवळायचा. जोरदार आपटलं तर बहुतेक वेळा दात तुटतो आणि फळी वाचते. नवी फिन विकत मिळते, नवी फळी करायला महिना जातो.

आता तुमची खरी शंका : भोकाने फळी कमजोर होत नाही का?

रिकामं ठेवलं तर होते. आतला फोम इतका मऊ असतो की नखाने दबतो. सर्फबोर्डची ताकद सालीत असते, म्हणजे काचकापड आणि रेझिनच्या त्या पातळ कवचात. फोम फक्त वरची आणि खालची साल एकमेकींपासून दूर धरून ठेवतो. फिन साधारण साडेचार इंच उंच, प्लगची खोली मात्र इंचाहून कमी. वळताना फिनवर पाण्याचा आडवा रेटा येतो आणि तरफेच्या नियमाने तो मुळाशी कैक पटींनी वाढतो. नुसत्या फोममध्ये रुतवलेला प्लग पहिल्याच दिवशी डुगडुगायला लागेल. म्हणजे प्लगने सालीला घट्ट धरलं पाहिजे आणि सालीने प्लगला. भिंतीत स्क्रूसाठी गिट्टी ठोकतात तसाच हा प्रकार वाटेल, पण गिट्टी फुगून विटेला पकडते. इथे पकडायला वीट नाही, म्हणून ती पकड रेझिन ओतून तयार करावी लागते. सगळं कौशल्य त्या ओतण्यात आहे. भोक पाडणं पाच मिनिटांचं काम.

भोकं आधी न पाडता काच चढल्यावर का पाडायची, याचंही कारण आहे. खड्डे असलेल्या फोमवर कापड ताणून सपाट बसत नाही. शिवाय कडक सालीतून होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, फिरवला की वर्तुळ स्वच्छ कापलं जातं. मऊ फोममध्ये कडा चुरडतात. म्हणून काचकापड आणि वरचा रेझिनचा हात झाल्यावर, पण शेवटची घासाई बाकी असताना हे काम करतात. याला अपवाद आहेत. काही पद्धतींत लांबट खाच आधीच फोममध्ये कोरतात, त्यात डबी बसवतात, वरून काचकापड चढवतात आणि नंतर घासून डबीचं तोंड मोकळं करतात. त्यात साल डबीवरून अखंड जाते, ही जमेची बाजू. पण त्यासाठी राउटर आणि सराईत हात लागतो. पहिल्या फळीला गोल प्लगच बरे.

भोकांसाठी एक साचा मिळतो. तो वापरला की दोन प्लगमधलं अंतर चुकत नाही. ड्रिलला किती खोल जायचं याची खूण मात्र टेप गुंडाळून आधीच करून ठेवायला सांगा, कारण शेपटाकडे फळी पातळ होत जाते आणि जोर केला तर होल सॉ वरच्या बाजूने बाहेर डोकावतो. मधल्या फिनची भोकं बहुधा फळीच्या कण्यातल्या लाकडी पट्टीवर येतात. तिथे लाकूड अडवतं, तेव्हा घाई नको. भोक झाल्यावर काही कारागीर सालीच्या खालचा फोम किंचित जास्त कोरतात. त्यामुळे आत ओतलेलं रेझिन वरच्या भोकापेक्षा रुंद होतं आणि सालीखाली अडकून बसतं.

आता ओतणं. नुसतं रेझिन कडक असतं पण ठिसूळ. त्यात बारीक चिरलेले काचेचे तंतू मिसळले की ते चिवट होतं. प्लगची तोंडं आणि स्क्रूची भोकं टेपने घट्ट बंद करायची, नाहीतर रेझिन आत शिरून फिनचा दात कधीच जाणार नाही. ही चूक नवख्यांकडून फार होते आणि ती निस्तरताना प्लगच कापून काढावा लागतो. भोकात आधी रेझिन ओतायचं आणि मग प्लग हळूहळू दाबायचा, म्हणजे हवा वर निघून जाते. कडेने थोडं रेझिन बाहेर सांडलंच पाहिजे. सांडलं नाही, तर आत पोकळी आहे असं समजावं. दोन प्लगच्या खाचा एका रेषेत राहाव्यात म्हणून ते साच्यालाच अडकवून ठेवतात. घट्ट होताना रेझिन थोडं आकसतं, त्यामुळे सुरुवातीलाच काठोकाठ, किंबहुना उमाळा येईल इतकं भरतात आणि नंतर पॉलिश पेपरने सपाट करतात. या घासण्यात प्लगभोवतीची साल घासून पातळ झाली, तर आधीची सगळी मेहनत फुकट.

उष्णतेचं एक सांगायला हवं. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं. पातळ थरातून ही उष्णता निघून जाते, पण भोकात ती कोंडते, कारण सभोवतालचा फोम उष्णतारोधक असतो. लवकर सुकावं म्हणून पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनरचं प्रमाण वाढवलं तर ते इतकं तापतं की तडकतं. एक ते दोन टक्के पुरेसे. एपॉक्सीचं गणित तर आणखी वेगळं. तिथे दोन भागांचं प्रमाण ठरलेलं असतं, आणि हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होण्याऐवजी रेझिन कायमचं चिकट राहतं. हे सगळं हाताळताना हातमोजे, चष्मा आणि मास्क लावलेच पाहिजेत. पॉलिएस्टरच्या हार्डनरचा एक थेंब डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

तुमच्या गुण्याचं उत्तर : तीनपैकी एका फिनला तो नक्की लागतो. मधली फिन तळाशी काटकोनात आणि कण्याच्या रेषेत असावी लागते. बाजूच्या दोन फिन्स मात्र साधारण पाच-सहा अंश बाहेर कललेल्या असतात आणि त्यांची पुढची टोकं किंचित आत, फळीच्या नाकाकडे वळवलेली असतात. फळी उजवीकडे कलली की बाहेर झुकलेली उजवी फिन उलट उभी होत जाते आणि नेमकी गरज असताना तिची पकड टिकते. टोक आत वळवल्यामुळे पाणी फिनवर थोडं तिरकं आदळतं आणि फळी वळायला उत्सुक राहते. फार वळवलं तर मात्र फिन पाणी खेचत बसते आणि वेग जातो. लहान फळीवर मागची फिन शेपटाच्या टोकापासून तीन ते साडेतीन इंचांवर, बाजूच्या फिन्स सुमारे अकरा इंचांवर आणि कडेपासून इंच-सव्वा इंच आत, अशी मापं चालतात. मेट्रिक ऑस्ट्रेलियातही फळी फूट-इंचातच मोजतात, तेवढं घरच्यासारखं वाटेल. इथे अंश-अर्धा अंश कमीजास्त चालतो, पण डावी आणि उजवी फिन एकसारखी हवी. नाहीतर फळी सरळ जायचं सोडून एका बाजूला ओढ घेते. पुठ्ठ्याचा एक तुकडा ९६ अंशांत कापा आणि प्लग बसवताना दोन्हीकडे तोच लावून बघा. चिरंजीव या वेळी हसणार नाहीत.

गळतीची भीती मात्र अगदीच खोटी नाही. जोरदार आपटल्यावर प्लगभोवती केसाएवढी चीर पडू शकते. पॉलियुरेथेन फोम पाणी सावकाश पितो, तरी पितोच आणि पिवळा पडतो. अशी चीर दिसली की फळी पूर्ण वाळवून रेझिनने बुजवावी, तोवर पाण्यात नेऊ नये.

राहिला थर्मोकोल. तो चालतो. परदेशातल्या अनेक फळ्यांच्या आत तेच पॉलिस्टायरीन असतं, फक्त जास्त घट्ट दाबलेलं. पॅकिंगचा भुसभुशीत थर्मोकोल घेऊ नका. थर्मोकोलच्या मण्यांमधल्या फटींतून पाणी पॉलियुरेथेन फोमपेक्षा फार लवकर आत पसरतं, म्हणून प्लगची जोडणी दुप्पट काळजीने करा. आणि एक गोष्ट विसरू नका. कोकणात फायबरच्या होड्या करणाऱ्यांकडे जे रेझिन सहज मिळतं, ते बहुधा पॉलिएस्टर असतं. त्यातलं स्टायरीन थर्मोकोलला विरघळवतं. फळीवर फासलं तर डोळ्यांदेखत खड्डा पडेल. थर्मोकोलवर एपॉक्सीच लागतं, आणि तेही प्लगच्या भोकात एकदम न ओतता दोन-तीन टप्प्यांत, कारण थर्मोकोल शंभर अंश सेल्सियसच्या आतच मऊ पडतो. देवगडला पोचल्यावर पूर्ण फळीला हात लावण्याआधी थर्मोकोलच्या एका तुकड्यात दोन भोकं पाडून एका फिनचे दोन्ही प्लग बसवा, दुसऱ्या दिवशी फिन लावून हाताने जोर देऊन हलवून बघा, आणि प्लग हलले नाहीत तरच पुढे जा.